लिंबामामांचा पुकारा

लिंबाजी वाघमारे माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मला वाटलं, म्हातारं जास्त जेवलंय.

मी बेंबळीला त्यांच्या घरी गेले होते ती एक 'पीडित' शोधायला. आमचं तंबाखूविरोधी अभियान चालू होतं. अभियान म्हणजे मी, पाचसहा पोरंपोरी, मागून आणलेला एक भोंगा आणि लोक ज्यात भजी बांधून घेतात ती आमची पत्रकं. पत्रकाला फोटो लागतो. फोटोत गळ्याला भोक असलेला माणूस असला तर फेकायच्या आधी लोक निदान एकदा बघतात. कुणीतरी सांगितलं, बेंबळीचे एक पट्टेवाले आहेत कोर्टात, बिडीनं गळा खाल्ला, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मी वही घेऊन हजर झाले.

मामा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. अंगानं काटकुळे, पांढऱ्या मिशा, गळ्याला जाळीचा पांढरा रुमाल. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. तंबाखू कंपन्यांचा निषेध, सरकारचा निषेध, आणि शेवटी, 'तुमच्यासारख्या पीडितांचा आवाज व्हायचंय आम्हाला.' मामांनी बशी खाली ठेवली, ओठ मिटले, काहीतरी गिळल्यासारखं केलं आणि एकामागून एक चारपाच खरखरीत ढेकर दिले. मी म्हटलं, सावकाश होऊ द्या मामा, मला घाई नाही.

दारात पारूमामी गहू निवडत बसल्या होत्या. त्या सूप बाजूला ठेवून हसायला लागल्या. "ढेकर न्हाय ती. त्यांनी तुला इचारलं, तू माझा आवाज व्हनार, मग मी तुझा काय व्हऊ? गळा?"

मग मी कान देऊन ऐकलं. खरंच, ढेकरात अक्षरं होती.

कसं ते समजायला मला आठवडा लागला, तुम्हाला दोन वाक्यांत सांगते. स्वरयंत्र काढलं की श्वासाची वाट तोंडापर्यंत येतच नाही, मानेच्या पायथ्याशी भोक ठेवतात आणि माणूस तिथूनच श्वास घेतो, तिथूनच खोकतो. बोलायचं असेल तर तोंडातली हवा अन्ननळीत ढकलायची, आणि ती परत वर येताना तिची अक्षरं करायची. एका घोटात तीनचार अक्षरं, फार तर पाच. मग पुन्हा घोट. आपण सगळे फुकटच्या हवेवर बोलतो. मामांना प्रत्येक शब्द गिळून आणावा लागायचा.

त्यामुळं त्यांनी भाषेतून निम्मा माल काढून टाकला होता. 'बरं का', 'म्हणजे कसंय', 'माझं असं म्हणणं आहे की', सगळं बंद. मी त्यांना पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला की ते बोटं मोडत बसायचे. आधी वाटलं, कंटाळले. नंतर कळलं, मोजतायत. "ह्ये 'ज्वलंत' कशाला?" ते विचारायचे. "एक घोट वाया." एका पत्रकाला त्यांनी चाळीस घोट लावले आणि म्हणाले, एवढ्या हवेत सायकलचं चाक भरलं असतं.

मला त्यांच्याकडून पश्चात्ताप हवा होता. पीडितानं पश्चात्ताप करायचा असतो, त्याशिवाय फोटोखाली काय लिहिणार? मी विचारलं, बिडीबद्दल आता काय वाटतं? मामांनी डोळे मिटले. मी पेन उघडून बसले. "लई ग्वाड लागायची," ते म्हणाले.

त्यांना एक वाईट खोड होती. एसटीत शेजारी कुणी बिडी काढली की ते ती हातातून मागून घ्यायचे, रुमाल बाजूला करायचे आणि न पेटवलेली बिडी गळ्याच्या भोकाशी धरायचे. समोरचा माणूस पांढरा पडायचा. मी एकदा बघितलं आणि भडकले, म्हटलं हे काय माकडचाळे. ते म्हणाले, तुझ्या भोंग्यानं किती जणांनी बिडी टाकली? त्यांनी तीन बोटं दाखवली. त्यांची त्या महिन्यातली.

मामा कोर्टात पुकारा करायचे. कोणत्या कोर्टात ते लिहीत नाही, माझ्यावर एक खटला झालाय तेवढा पुरे. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. आत साहेबांपुढं तुमचं प्रकरण निघालं की दारातला पट्टेवाला बाहेर तोंड करून तुमचं नाव घेतो. तीनदा. सिनेमातल्यासारखं 'हाजिर हो' वगैरे कुणी ओरडत नाही. नाव, बापाचं नाव, गाव, बस. तीनदा होऊनही तुम्ही उगवला नाहीत तर तुम्ही गैरहजर. मग तुमचा दावा निकाली निघतो नाहीतर वॉरंट सुटतं, तुम्ही त्या वेळी वीस पावलांवर झाडाखाली भाकरी सोडून बसलेले असलात तरी.

मामांच्या वडिलांचं असंच झालं होतं. बेंबळीतल्या एका पट्टीच्या जमिनीचा त्यांचा दावा होता आणि समोर गावचं वजनदार घर. त्या काळचा पट्टेवाला समोरच्याला 'अमुकराव तमुकराव' असं घसा साफ करून बोलवायचा आणि यांना नुसतं 'म्हाद्या, बेंबळी', तेही तोंडातल्या तोंडात, तिन्ही पुकारे एका श्वासात. वडील सवयीनं व्हरांड्याबाहेर चपलांपाशी बसलेले. ऐकूच आलं नाही. दावा गेला. हे मामांनी मला सांगितलं तेव्हा पत्रक लिहायला माझे हात शिवशिवले. त्यांनी मान हलवली, छापायला दिलं नाही.

त्यांना स्वतःला ती नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट केली. सगळ्यांना राव आणि बाई. जमीनदार असो, मजूर असो, शेळीचोर असो. आवाज तेवढाच, नाव पूर्ण, आणि दोन पुकाऱ्यांच्या मध्ये माणूस उठून चपला घालेल एवढा वेळ. एकदा एका वकिलांनी तक्रार केली की पट्टेवाला चोराला संपतराव म्हणतो. नाझरांनी, म्हणजे कोर्टाच्या कचेरीच्या मुख्यांनी, बोलावून विचारलं. मामा म्हणाले, "निकाल लागला का सायेब? मग तवर राव हाय."

तो जुना आवाज मी ऐकला नाही. म्हणे रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जायचा. म्हणे मामांनी नाव घेतलं की आतली उलटतपासणी दोन क्षण थांबायची. जे ऐकलं नाही त्याची तारीफ मी करणार नाही. पण एक ठाऊक आहे: ऑपरेशनच्या कागदावर सही व्हायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका? तेव्हा मामांनी घोगऱ्या, गेलेल्या आवाजात एकच विचारलं होतं, 'आन पुकारा?' डॉक्टरांना वाटलं, देवाचा धावा वगैरे काहीतरी असेल. ते म्हणाले, सगळं नीट होईल.

नीट झालं म्हणजे जीव वाचला. मग घरी पाटी आली. मामा सातवी शिकलेले, पारूमामी अजिबात नाही. त्यामुळं वाघमाऱ्यांच्या घरात भांडणाची मोठी पंचाईत झाली. मामा रागानं पाटीवर लिहायचे, मामी पाटी घेऊन शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंकडं वाचून घ्यायला जायच्या. बाई भल्या. पाटीवर मामींच्या माहेरच्या तीन पिढ्यांचा उद्धार असायचा आणि बाई वाचायच्या, 'मामा म्हणतायत, आमटीत मीठ जरा कमी आहे.' मामी परत येऊन मुकाट्यानं मीठ घालायच्या. तीन आठवडे खारट आमटी खाल्ल्यावर मामांनी पाटी आडात टाकली.

मग दवाखान्यानं यंत्र दिलं. बॅटरीसारखी नळी, गळ्याला टेकवून बटन दाबलं की घूंऽऽ करते, आणि तोंड हलवलं की त्या घूंमधून शब्द निघतात. समजायला सोपे, पण सगळे एकाच सुरात. मामींनी पहिल्या दिवशी ऐकून विचारलं, मी काय आता टेसनावर राहते का? मामांना मात्र आनंद झाला, कारण यंत्राचा आवाज मोठा होता. रजा संपवून ते कामावर गेले आणि सकाळी दारात उभे राहून पहिला पुकारा केला.

व्हरांडा गच्च भरलेला. निम्म्या लोकांनी आपापले मोबाइल काढून बघितले. उरलेल्यांना वाटलं, सरकारनं अखेर स्टेशनसारखी रेकॉर्ड लावली. रेकॉर्ड काय, वाजतच असते. पुकारा माणूस करतो, आता माणूस येईल आणि आपलं नाव घेईल, म्हणून सगळे माणसाची वाट बघत बसले. ज्याचं नाव होतं तो ईट गावचा एक शेतकरी मामांपासून दोन हातांवर उभा होता. टक लावून मामांच्याच तोंडाकडं बघत होता. तीनदा नाव झालं. तो वाट बघत राहिला. गैरहजर. दुपारपर्यंत आणखी दोघं. त्यांना नंतर कळलं तेव्हा ते रडले, आणि मामांनी त्यांच्यासमोर बसून यंत्र न लावता ओठ हलवले. काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही.

त्याच दिवशी नाझरसाहेबांनी त्यांना रेकॉर्डरूमला टाकलं. तब्येतीला आराम, असं म्हणाले. नाझरसाहेब दुष्ट नव्हते, तेच तर वाईट. दुष्ट माणसावर पत्रक काढता येतं. दारात त्यांनी एक नवा पोरगा उभा केला, तो एक डोळा मोबाइलवर ठेवून नावं पुटपुटायचा. त्याला स्वरयंत्र होतं, एवढीच त्याची लायकी.

मामांनी यंत्र कपाटात ठेवलं ते त्या दिवशी. माणसाचा आवाज पाहिजे, मग कसला का असेना. तपासणीच्या रांगेत त्यांना शिवलिंगआप्पा भेटले होते, उमरग्याच्या पलीकडं कर्नाटकाच्या हद्दीजवळचे किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि लिंगाच्या वर चार बोटांवर मामांसारखंच भोक. आप्पा कित्येक वर्षांपासून ढेकरावर बोलत होते. गिऱ्हाइकांशी मराठीत, बायकोशी कानडीत. मामा दर रविवारी एसटी बदलत तिकडं जायला लागले.

शाळा दुकानातच. फी म्हणजे गोटी सोड्याची बाटली, तीही गुरूच पाजणार. सोडा प्यायचा, वर येणारी हवा गळ्यातच अडवायची आणि तिच्यात 'पा' म्हणायचं. प, ट, क आधी, कारण ते म्हणताना ओठ-जीभ मिटते आणि हवा आपोआप आत ढकलली जाते. पाट, टोपी, काकडी. 'ह' सगळ्यात शेवटी, तो नुसता श्वास, आणि श्वास तर मानेतून निघून जातो. आप्पा साखर जोखता जोखता ओरडायचे, म्हणजे ढेकरायचे: "पोटातनं नको. पोटातला ढेकर जेवणाचा. गळ्यातनं आण." चार महिन्यांनी मामांना शब्द आला, आठ महिन्यांनी वाक्य. मग दोघं बोलायला मोकळे झाले आणि लगेच भांडायला लागले. आप्पांचा शंकर आणि मामांचा बुद्ध. देव आहे की नाही यावर दोन माणसं पोत्यांवर बसून ढेकरा-ढेकरानं वाद घालतायत, हवा संपली की दोघंही गिळायला थांबतायत, आणि तेवढ्या फटीत गिऱ्हाईक तूरडाळ मागून घेतंय, हे मी स्वतः बघितलंय. तिथूनच मामांनी एक कानडी शब्द आणला, 'साकू', म्हणजे पुरे. तो ते मुख्यतः माझ्यासाठी वापरायचे.

घरी मामींची वेगळीच अडचण. "तीस वरसं सांगितलं, जेवताना ढेकर देऊ नगा. आता दिली की टाळी वाजवा म्हनत्यात."

बाकीचा सराव रेकॉर्डरूममध्ये. मी तिथं एकदा गेले. लाल फडक्यात बांधलेले जुने बस्ते छतापर्यंत, धुळीनं माझा जीव कासावीस झाला, आणि मामा तर रुमालातून श्वास घेणारे. ते एकेक बस्ता सोडून जुन्या दाव्यांतली नावं पुकारत होते. लिंबाच्या काडीएवढ्या आवाजात. पांडुरंगराव. तुकारामराव. कोंडाबाई. निम्मे मेलेले असतील, मी म्हटलं. मामा म्हणाले, बरं हाय, न्हाय आले तरी वॉरंट न्हाय.

पुढं मी त्यांना एका कॉलेजात भाषणाला नेलं. मंचावर माझा पाऊण तास झाला. मुलं मागं समोसे खात होती. मग मामा माइकपाशी गेले आणि पहिल्याच घोटाला हॉलभर हशा फुटला. मुलं बाकं बडवून हसली, कुणीतरी उलटा ढेकर दिला. मी माइक हिसकावणार होते. मामांनी हात वर केला, हसणं संपायची वाट बघितली, कोर्टात माणूस चपला घालेपर्यंत बघायचे तशी. मग म्हणाले, "बिडी लई ग्वाड लागती." शांत. घोट. "ग्वाड हाय म्हणून माणूस मरतंय." घोट. "कडू आसती, तर हिच्या पत्रकाची काय गरज हुती?" एवढं बोलून उतरले. दहा घोटसुद्धा झाले नसतील. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली की आमच्या अभियानात पीडित मी आहे.

रिटायर व्हायला वर्ष राहिलं तेव्हा मामांनी ठरवलं, पुकारा परत मागायचा. मला हे कळल्यावर मी तीन पानी अर्ज लिहिला. कायद्यात स्वरयंत्र काढलेल्या माणसाला दिव्यांग म्हटलंय, समान संधी म्हटलंय, भेदभाव करता येणार नाही म्हटलंय. मी सगळं घातलं, शिवाय 'दडपशाही' दोनदा. मामांनी वाचला, बोटं मोडली आणि पाठीमागं कोऱ्या बाजूवर स्वतःचा अर्ज लिहिला. 'मला बोलता येतं. ऐकून बघा.'

नाझरसाहेबांनी तो बराच वेळ उलटसुलट करून बघितला असणार, कारण दुसऱ्या बाजूला माझी दडपशाही होती. शेवटी त्यांनी एक महिना दिला. पुकारा दारातून व्हायला पाहिजे, आणि न ऐकू आल्यामुळं महिन्यात एकही माणूस गैरहजर लागला तर परत रेकॉर्डरूम. मग विषय बंद. मी म्हटलं ही अट बेकायदा आहे, आपण उपोषणाला बसू. मामा म्हणाले, "साकू."

त्या महिन्यात काय झालं ते व्हरांड्यात बघायला पाहिजे होतं. मामांचा आवाज दारापासून फार तर दहा-पंधरा पावलं जायचा, तोही शांतता असेल तर. कोर्टाच्या व्हरांड्यात शांतता मिळणं म्हणजे बाजाराच्या दिवशी एसटीत जागा मिळणं. मामा सकाळी तासभर आधी यायचे, कागद हातात घेऊन झाडाखाली, चहाच्या गाड्यापाशी, झेरॉक्सपाशी फिरायचे. कुणाची तारीख, कोणतं गाव. माणूस सापडला की त्याला सांगायचे, माझा आवाज बारका हाय, तू जवळ बस. लोक दाराजवळ सरकले. जवळ बसले म्हणून हळू बोलायला लागले. शेजारचा जोरात बोलला की बाकीचे त्याला गप्प करायचे, कारण एखाद्याचं नाव त्याच्या बोलण्याखाली गेलं तर वॉरंट काही बोलणाऱ्याच्या घरी जाणार नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात बायका तान्ह्या लेकरांना घेऊन आपणहून बाहेर थांबायला लागल्या आणि आत कुणाला तरी कान द्यायला बसवायला लागल्या. तो आरडाओरड्याचा व्हरांडा एका खरखरत्या ढेकरासाठी कान टवकारून बसला. एक म्हातारी तेवढी पहिल्या दिवशी चिडली. मामांनी तिचं नाव घेतलं तर म्हणाली, माझ्या नावानं ढेकर काय देतूस, सोडा पी की. पण उठून आत गेली.

महिना सरत आला तरी एकही गैरहजर नाही.

शेवटच्या दिवशी माझी तारीख होती. एका टपरीतला गुटखा आम्ही रस्त्यावर ओतला होता. गुटख्याला या राज्यात बंदी आहे, तो विकणाऱ्याची टपरी चालू आहे, आणि ओतणारी आरोपी. असो, त्याचं वेगळं पत्रक आहे. मामांनी सकाळी फिरताना मला गाठलं आणि दाराजवळ बसायला सांगितलं. मी हो म्हटलं. पण झाडाखाली पन्नास-साठ माणसं बघितली आणि माझा पाय तिकडं वळला. वाटलं, आज मामांचा निकाल लागायचा दिवस, लोकांना कळलं पाहिजे काय अन्याय चाललाय. मी झाडाच्या चौथऱ्यावर चढले आणि सुरू केलं. स्वरयंत्र म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, एका माणसाचा आवाज ही व्यवस्था कशी दाबते. माझा आवाज चांगला आहे. पलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर करून बघितलं.

दारात काय झालं ते मला नंतर एका शिपायानं सांगितलं. नाझरसाहेब त्या दिवशी स्वतः चौकटीपाशी, मामांच्या महिन्याचा निकाल लिहायचा कागद घेऊन उभे होते. माझं प्रकरण निघालं. मामांनी पहिला पुकारा केला. व्हरांड्यातली माणसं इकडंतिकडं बघायला लागली. मामांनी चपला घालायचा वेळ दिला आणि दुसरा केला. दूरवरून माझा आवाज येत होता, मामांचं नाव घेणारा. नाझरसाहेब म्हणाले, दोन झाले लिंबाजी, तिसरा करा. मामा म्हणाले, करतो, आणि पायऱ्या उतरायला लागले. नाझरसाहेब म्हणाले, दार सोडू नका. मामा थांबले नाहीत, चालता चालता गिळत म्हणाले, "नियम तीनदाचा हाय सायेब. कुठनं ते न्हाय."

'दारातून' ही अट नाझरसाहेबांची होती, नियमाची नव्हती. पण तोडली तर महिना गेला, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मला एवढंच दिसलं की समोरची माणसं माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली आहेत आणि एकदम शांत झाली आहेत. मला वाटलं, भाषण चढलंय. मी आणखी आवाज चढवला. 'ज्या माणसाचं ऐकायला या व्यवस्थेला कान नाहीत', असं काहीतरी म्हणत होते. एका बाईनं मला हातानं गप्प केलं, लेकराला करतात तसं, ओठांवर बोट ठेवून. मी वळले.

मामा चौथऱ्याखाली उभे होते. भरभर चालल्यामुळं गळ्याचा रुमाल आतबाहेर होत होता. त्यांनी माझ्याकडं ओळखीचं बघितलं नाही. कागदाकडं बघितलं, ओठ मिटले आणि गिळलं.

"सुजाताबाई." घोट. "गौतमराव." घोट. "बनसोडे." घोट. "राहणार ईट."

साठ माणसांत झाडाची पानं ऐकू येत होती. मी चौथऱ्यावरून उतरले तेव्हा माझ्या तोंडून 'मामा, मला ऐकूच' एवढंच निघालं. त्यांनी कागदाची घडी केली. "चल," ते म्हणाले. "आरोपी हाईस तू."

आणि पुढं चालायला लागले. मी मागं. चहाच्या गाड्यापाशी, व्हरांड्यात, पायऱ्यांवर लोकांनी वाट दिली, मला नाही, त्यांना. आत जज्जसाहेबांनी मान वर न करता विचारलं, आरोपी? कारकून म्हणाला, हजर. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी पिंजऱ्यात उभी राहून दाराकडं बघत होते. नाझरसाहेब चौकटीला टेकले होते. त्यांनी हातातल्या कागदाकडं बघितलं, मामांकडं बघितलं, कागद खिशात घातला आणि दारातून बाजूला सरकले. मामा त्यांच्या जागेवर उभे राहिले, पाठ आमच्याकडं, तोंड बाहेर. कारकुनानं पुढचं प्रकरण काढलं, तसे त्यांचे खांदे जरासे वर गेले आणि खाली आले.

आत मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं धोतरातला एक माणूस हातात टोपी घेऊन घाईघाईनं आत आला.